शब्द कुठं टेकतो?



गेली बावीस वर्षं मी रत्नागिरीत गळा शिकवते. दारावर पाटी ‘सुगम व नाट्यसंगीत वर्ग’ अशी आहे, पण काम गळ्याचंच. सकाळी खर्ज, संध्याकाळी शाळेतून दमून आलेली पोरं, मधे कधीतरी लग्नात मंगलाष्टकं म्हणायचीत म्हणून आठ दिवसांत आवाज ‘लावून’ मागणाऱ्या आत्याबाई. अशा बाईनं आज जाझवर बोलायचं ठरवलंय. निर्मात्यांना मी विषय सांगितला तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला आणि मग म्हणाले, ‘बोला, पण आंब्याच्या बागेत बसलेल्या माणसाला कळेल असं बोला.’ प्रयत्न करते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून. माझ्या वर्गात एक मुलगी होती. आवाज जाडसर, थोडा खरखरीत, पण गोड. अडचण एकच. शब्द नेहमी मात्रेच्या मागून. तबलजी समेवर येऊन बसायचा आणि ही पाव मात्रा उशिरा, हातातली पिशवी सावरत एसटीत चढणाऱ्या माणसासारखी. ‘बायो, ताल धर’ हे मी तिला किती वेळा म्हटलं असेन! एकदा वैतागून तिला गाणं बंद करायला लावलं आणि नुसती टाळी वाजवायला सांगितलं. टाळी घड्याळासारखी. पाच मिनिटांत एकदाही चुकली नाही. पुन्हा गायला लावलं, की शब्द पुन्हा मागे. म्हणजे ताल तिच्या अंगात पक्का होता. ती मागे पडत नव्हती, मागे राहत होती. नंतर कळलं, तिचं आजोळ मडगावचं. सुट्टीत तिकडे गेली की घरात दिवसभर लोर्नाची गाणी. कानावर पडलं ते गळ्यात उतरलं, आणि मी ते खोडरबर घेऊन पुसत बसले होते.

लोर्ना म्हणजे लोर्ना कॉर्देरो. जन्म १९४६चा. गोव्याची कोकीळ म्हणतात तिला. मला ती उपमा पटत नाही, कारण कोकिळेचा आवाज पातळ आणि लोर्नाचा भरलेल्या हंड्यासारखा. मडगावचा क्रिस पेरी हा तिचा संगीतकार, बँडमास्तर, आणि खऱ्या अर्थानं शिक्षकही. तो ट्रम्पेट वाजवायचा, सॅक्सोफोन वाजवायचा, चाली बांधायचा. साठच्या दशकात मुंबईत चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलात ‘व्हेनिस’ नावाची जागा होती, तिथं जाझ चालायचं, आणि तिथं या जोडीनं रात्री गाजवल्या. ‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’ ही त्यांची कोंकणी गाणी. बेबदो हा आपल्या बेवड्याचा सख्खा भाऊ, पोर्तुगीज घरातून आलेला. पिसो म्हणजे वेडा. त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ लोर्ना गाण्यापासून लांब राहिली आणि १९९५ साली ‘हॅलो लोर्ना’ घेऊन परत आली. या दोघांच्या आयुष्याचा धागा घेऊन बार्दरॉय बार्रेतो यांनी ‘नाचूंया कुंपासार’ हा सिनेमा केला. लोक त्या गोष्टीविषयी खूप बोलतात. मला आज तिकडे जायचं नाही, मला तिच्या गळ्यापाशी थांबायचंय. सिनेमाच्या नावातला ‘कुंपास’ तेवढा लक्षात ठेवा. कुंपास म्हणजे ठेका. चला, ठेक्यावर नाचू.

आता श्रोतेहो, बसल्या जागी एक करून बघा. पंखा फार आवाज करत असेल तर बंद करा. पायानं चार टोले द्या, सावकाश, घड्याळाच्या लंबकासारखे. एक, दोन, तीन, चार. आणि त्यावर हे वाक्य म्हणा: ‘आज, बाजारात, सुरमई, आली.’ प्रत्येक टोल्याला एक शब्द. हे झालं शाळेतलं समूहगान. ठीक आहे, पण सुरमई आल्याचा आनंद कुठं दिसत नाही. पुन्हा पाय सुरू करा. या वेळी पहिला टोला रिकामा जाऊ द्या. पाय पडला की मग, जरा थांबून, ‘आज’. ‘बाजारात’ हा शब्द रेंगाळू द्या, ‘बा’ लांबवा. आणि ‘सुरमई आली’ एका दमात म्हणून चौथ्या टोल्याला बरोबर पोचा. पाय हलला नाही ना? तो हलता कामा नये. पाय घड्याळ आहे आणि जीभ माणूस आहे. या दोघांमध्ये जी फट पडली, ती जाझ गाणाऱ्याची जागा.

आमच्या गाण्यात हे नाही असं कोण म्हणेल? ठुमरीत आहे, नाट्यपदात तर आहेच. नाटकातला गायक शब्दाला खेळवतो, ऑर्गन आणि तबला खाली निमूट चालत असतात. फरक शेवटी आहे. आपण कितीही भटकलो तरी समेवर सगळ्यांनी एकत्र पोचायचं असतं, गायक, तबलजी आणि मान डोलावणारे श्रोतेसुद्धा. तिथं ‘वा’ मिळते. जाझमध्ये एकत्र पोचण्याची सक्ती नाही. गायिका समेनंतर येईल, नाहीतर आधीच येऊन गेली असेल, आणि ऐकणारा त्या चुकामुकीतच रमतो. बिली हॉलिडे नावाची अमेरिकन गायिका होती, १९१५ ते १९५९ एवढंच आयुष्य. तिच्या गळ्याचा पल्ला सप्तकापेक्षा थोडाच जास्त. माझ्याकडे प्रवेशाला आली असती तर मी म्हटलं असतं, ‘तार सप्तक नाही, भावगीतं करू या.’ रीतसर शिक्षण नाही. पण शब्द कधी सोडायचा हे तिच्याइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. ओळ ठेक्याच्या इतकी मागं ओढायची की वाटावं, आता निसटली, आणि मग सहज, पदर सारखा करावा तशी ती ओळ जागेवर.

एक शिकवणारी म्हणून सांगते, उशिरा येणं हे घाईनं येण्यापेक्षा कठीण आहे. दम कमी असलेला गायक नेहमी पुढे पळतो, कारण त्याला ओळ संपवून श्वास घ्यायचा असतो. थांबायला पोटात हवा लागते. म्हणून कुठल्याही जाझ गायिकेचा मोठा रियाज म्हणजे लांब स्वर धरणं. आमच्या खर्जाची ती चुलत बहीण. सकाळी सहाला माझ्या घरासमोरून फिरायला जाणारे लोक मुलांचा खर्ज ऐकून ‘म्हशी सुटल्या’ म्हणतात. म्हणोत.

आणि टाळी. आपली टाळी पहिल्या मात्रेवर. आरतीत बघा, सगळ्यांचे हात एकवर. जाझची चुटकी दोन आणि चारवर. पाय एक आणि तीनला, चुटकी दोन आणि चारला. घरी करून बघा. पहिल्या दिवशी हात आणि पाय नवराबायकोसारखे भांडतात, चौथ्या दिवशी चालायला लागतात आणि शरीर आपोआप डुलतं. या डुलण्याला ते स्विंग म्हणतात. कागदावर लिहिताना दोन स्वर सारखे लिहितात, वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड. होडीत बसल्यावर लाट जशी सावकाश उचलते आणि चटकन सोडते, तसं. मिऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला यापेक्षा जास्त समजावण्याची गरज नाही.

हे सगळं कोंकणी माणसाच्या गळ्यात आणि बोटांत आलं कुठून? लोक सांगतात, अमेरिकेतून, रेकॉर्डवरून. अर्धं खरं. उरलेलं अर्धं गोव्यातल्या चर्चच्या अंगणात आहे. पोर्तुगीज काळात तिथं गावोगावी चर्चच्या शाळा होत्या आणि तिथला संगीत शिकवणारा मेस्त पोरांना सोल्फेज घोकायला लावायचा. सोल्फेज म्हणजे त्यांचं सारेगम, दो-रे-मी. कागदावरची ठिपक्यांची ओळ बघायची आणि वाद्याशिवाय गळ्यानं म्हणून दाखवायची. चुकलात की छडी. मग व्हायोलिन. कोवळ्या वयात ही पोरं समोर ठेवलेलं नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचायची. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस असेच, वडीलच चर्चमध्ये गायनवृंद शिकवणारे. पुढे मुंबईत त्यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं आणि शिष्यानं १९७७ साली एका गाण्यात गुरूचं नाव अमिताभच्या तोंडी घातलं. ते गाणं आपण वरातीत नाचून नाचून झिजवलं, पण तो माणूस खरा होता आणि मास्तर होता, हे किती जणांना माहीत असतं?

अशा वाचता येणाऱ्या, भूक लागलेल्या पोरांना मुंबईनं ओढून घेतलं. १९३५ साली लिऑन अॅबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला अमेरिकन बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड, पियानोवर दणदणीत हात. गोव्याच्या वादकांनी नोटेशन मेस्तकडून घेतलं आणि नोटेशनच्या बाहेर कसं जायचं हे या लोकांकडून. आल्डोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट घेऊन चिक चॉकलेट झाला, त्याला मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री हॉटेलात जाझ, दिवसा स्टुडिओत हिंदी सिनेमा. आमचे सी. रामचंद्र, पुणतांब्याचे चितळकर, यांच्या संगीताला त्यानं जो झणका दिला तो ‘अलबेला’त ऐकू येतो. १९५१चा सिनेमा. चिक आपल्या साथीदारांसह त्यात पडद्यावरही दिसतो. तेव्हा जाझ आपण कधी ऐकलंच नाही असं कृपा करून म्हणू नका. आपण ते भगवानदादांच्या पायांतून ऐकलंय.

आता पेटीकडे येते. पेटीवर कोमल गंधार काळ्या पट्टीत आहे, शुद्ध गंधार पांढऱ्या पट्टीत. दोघांच्या मधे लाकडाची एक बारीक चीर आहे. त्या चिरेत जो स्वर राहतो, तो पेटीला वाजवता येत नाही. पियानोलाही नाही. गळ्याला येतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी नेमका तोच स्वर धरला. कोमल म्हणावा तर थोडा चढा, शुद्ध म्हणावा तर उतरलेला. त्याला ते ब्लू नोट म्हणतात. गंमत बघा, ज्या आकाशवाणीवरून मी बोलतेय तिनंच १९४० साली पेटीला बाहेर काढलं होतं, कारण काय, तर तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. पेटी परत यायला १९७१ उजाडलं. मी पेटीवाली आहे, मला तो निर्णय आवडलेला नाही. पण त्या मंडळींना खुपलं ते खरं होतं, ती चीर होतीच. जाझच्या गायकानं तक्रार केली नाही. पियानोवाला एका पट्टीवर, आपण चिरेत, आणि दोघं एकमेकांना जे घासतात त्यातून कळवळा निघतो. लोर्नाच्या लांब स्वरांत कान द्या. स्वर लागल्यावर ती त्याला खालून हलकेच ढकलते. तिथं गळा दुखावल्यासारखा वाटतो, दुखावलेला नसतो.

गळ्याचं हे दुखावल्यासारखं वाटणं मुलांना समजावणं अवघड जातं. मी वर्षानुवर्षं पोरांचे आवाज तासले. खरखर काढा, नाकातला सूर काढा, गोल करा. आमच्या परंपरेला कारण होतं. बालगंधर्वांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं होतं, मायक्रोफोनशिवाय, पेट्रोमॅक्सच्या उजेडात. दीनानाथ तर असे उसळून वर जायचे की, सांगतात, माडीवरचे लोक सरसावून बसत. १९३१ साली त्यांच्या बळवंत मंडळीनं जे ‘संन्यस्त खड्ग’ रंगवलं, ते सावरकरांनी याच रत्नागिरीत स्थानबद्ध असताना लिहिलेलं, हे जाता जाता. तिकडे अमेरिकेत १९२५च्या सुमारास विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं आणि गायकाला ओरडायची गरज उरली नाही. मायक्रोफोन म्हणजे ऐकणाऱ्याचा कान. त्याच्याशी पुटपुटता येतं, उसासा टाकता येतो, आवाजातली खरखर झाकावी लागत नाही. लोर्ना मात्र पुटपुटणाऱ्यांतली नाही. तिच्या मागं ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन अशी पितळी फळी उभी, आणि ती छातीतून गाते. तरीही खरखर ठेवते. पालकांनो, मुलांनी हे ऐकून घसा ओरबाडला तर माझ्याकडे तक्रार आणू नका. कसोटी सोपी आहे: रात्री गायलात आणि सकाळी दूधवाल्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं, तर खरखर रंगाची होती. नाही आलं, तर इजेची.

ओळ विसरली तर? आमच्याकडे आलाप घेतात, पेटीवाल्याकडे बघतात, आणि पेटीवाला हळूच ओळ पुरवतो. १९६० साली बर्लिनमध्ये जाझ गायिका एला फिट्झजेराल्ड हजारो लोकांसमोर ‘मॅक द नाइफ’ गाताना शब्द विसरली. थांबली नाही. विसरले, हेच तिनं चालीत गायलं, मग लुई आर्मस्ट्राँगची नक्कल केली, मग नुसती निरर्थक अक्षरं. त्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी मिळालं. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या या गाण्याला स्कॅट म्हणतात. आपल्या तराण्याशी त्याचं नातं लावायचा मोह होतो, पण तराण्याची अक्षरं ठरलेली, बंदिशीत बसलेली. स्कॅट हे त्या क्षणी तोंडात येईल ते. ‘इना मीना डीका’ आठवा, म्हणजे चव कळेल. तेही चितळकरांचंच.

आणि कोकणातल्या माणसाला मी आणखी एक दार दाखवीन. डबलबारी. समोरासमोर दोन मंच, दोन बुवा, दोन पखवाज. एक बुवा गजर असा टाकतो की दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं, त्याच चालीत, त्याच वजनात, वर एक टोमणा जास्त. पहाटे दोनला गाव जागं. जाझमध्ये दोन वादक चार-चार आवर्तनं वाटून घेतात, सॅक्सोफोन काहीतरी बोलतो, ट्रम्पेट त्याचं शेपूट धरून उलट बोलतो. लोर्नाच्या गाण्यांत तिची ओळ संपते आणि क्रिस पेरीची पितळी फळी उत्तर देते, तेव्हा मला तिथं समोरच्या मंचावरचा बुवाच दिसतो. तो खाली बसलेल्या आपल्या माणसांना डोळा मारतोय, इतकंच दिसायचं बाकी.

जाझच्या या वाटेनं एक मुंबईची मुलगी मात्र फार लांब गेली. आशा पुथली. हिंदुस्थानी गाणं शिकलेली, पाश्चात्त्य गायकीही शिकलेली. १९७१ साली न्यूयॉर्कला ऑर्नेट कोलमननं आपल्या ‘सायन्स फिक्शन’साठी तिला दोन गाणी दिली. कोलमन म्हणजे जाझमधला बंडखोर, ठरलेला ठेका आणि ठरलेले सूर दोन्ही मोडणारा. त्यातलं एक गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टाळी कुठं द्यायची तेच कळेना. पाय उचललेलाच राहिला. पितळी वाद्यं आवाजाला चिकटून, वर-खाली, आणि ही मधून सरळ, न थरथरता स्वर धरून चाललेली. तो सरळ स्वर मी ओळखला. तंबोऱ्यासमोर बसून मिळवलेला स्वर होता तो. जमीन काढून घेतली तरी उभं राहता येतं, ते याच्यामुळे.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीचं काय झालं, विचाराल. गेल्या वर्षी ती वर्गात आली, मी तिला माझं जुनं वाक्य परत घेतलं असं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, ‘बाई, पण मी आता तालात गायला शिकले ना.’ यावर काय बोलणार! दोन्ही ठेव म्हटलं. पोटासाठी भावगीतं तालात, आणि आजीसाठी उशिरा. सध्या ती हे दुसरं परत शोधतेय. सोपं नाही. एकदा पुसलं की कागदाला व्रण राहतो.

आता निर्मात्यांनी ‘बेबदो’ तयार ठेवलंय. कोंकणी आहे, पण रत्नागिरीकराला बारा आणे कळेल आणि उरलेले चार आणे ट्रम्पेट सांगेल. पहिल्यांदा अर्थाकडे बघू नका. पाय सुरू करा, एक-दोन-तीन-चार, आणि एवढंच पाहा की तिचा शब्द पायाखाली येतो, पायाआधी येतो की पायानंतर. दुसऱ्या कडव्यापर्यंत पाय विसरलात तरी चालेल. बायो, तू ऐकतेयस ना घरी? आज टाळी मी धरते. लावा हो.